‘जीव घेतो तुझा’ आणि शाळेचं थ्रेट असेसमेंट: आमचा अनुभव

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वा वाजता शाळेतून फोन आला. मी रक्तपेढीत कामावर होते, हातात मोजे होते, म्हणून पहिल्यांदा उचलला नाही. लगेच दुसऱ्यांदा वाजला. असिस्टंट प्रिन्सिपॉल बोलत होत्या. ‘‘तुमचा मुलगा सुखरूप आहे,’’ असं त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं, आणि पहिला गुण मी त्या वाक्यालाच देते. मग म्हणाल्या, त्याने वर्गातल्या एका मुलाला जिवे मारण्याची धमकी दिली आहे, शाळेने थ्रेट असेसमेंट, म्हणजे धमकीमागे खरा धोका आहे का याची तपासणी, सुरू केलं आहे, तीनच्या आत येऊ शकाल का?

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डेकेअरपासून दातांच्या तारा लावणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे अनुभव मिळतात. हा अनुभव कुणी लिहिलेला मला सापडला नाही. सांगायची लाज वाटते, मलाही वाटली. तरी लिहिते आहे, कारण ही शाळेची एक सेवा आहे, आपल्या करातून चालते, आणि आपल्यापैकी कुणाच्याही घरी असा फोन येऊ शकतो.

घडलं ते असं. तंत्रज्ञानाच्या तासाला दोघादोघांनी मिळून आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायचा होता. तीन आठवड्यांचं काम. वजन टांगायच्या दिवसाच्या आधीच जोडीदाराने गंमत म्हणून त्यावर हात दाबून बघितला आणि पूल मधोमध मोडला. माझा मुलगा त्याला इंग्रजीत म्हणाला, ‘‘वेट. टुमॉरो आय विल टेक युअर लाइफ.’’

हे वाक्य इंग्रजी कानाने ऐकून बघा. ‘किल यू’ इथली मुलं खेळताना सर्रास म्हणतात. ‘टेक युअर लाइफ’ असं कुणी म्हणत नाही. ते थंड डोक्याने ठरवल्यासारखं वाटतं, आणि त्यात ‘उद्या’सुद्धा आलेलं. समोरचा मुलगा पांढरा पडला आणि तास संपल्यावर थेट शिक्षकांकडे गेला. त्याने बरोबर केलं.

वाक्य कुठून आलं ते मला फोनवरच कळलं. माझी आई ऑगस्टपासून सांगलीहून आमच्याकडे आलेली होती. दूध सांडलं, चपला दारात पसरल्या, आंघोळीला उशीर झाला, की ‘‘थांब, आता जीवच घेते तुझा.’’ आणि मागोमाग ताटात दुसरी पोळी. मी लहान असताना आमचे पीटीचे सरही रोज कुणाला तरी ‘तंगडी तोडीन’ म्हणायचे. आपल्या कानाला त्यात काहीच टोचत नाही. मुलाने आजीचं वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं, आणि ‘आता’चं ‘उद्या’ केलं, कारण घंटा झाली होती.

शाळेत पोहोचले तेव्हा एका छोट्या खोलीत तिघं बसले होते: असिस्टंट प्रिन्सिपॉल, काउन्सेलर आणि शाळेच्या मानसशास्त्रज्ञ. शाळेतला पोलीस अधिकारी बाहेरच्या खोलीत होता. तोही या टीमचा भाग असतो, पण मुलासमोर त्याला बसवलं नव्हतं. मुलगा शेजारच्या खोलीत चित्र काढत बसला होता. त्याच्याशी ते आधीच बोलले होते. काय विचारलं ते मला मागाहून मुलाकडून कळलं आणि मी वहीत उतरवून ठेवलं आहे. आज तुला इथे का बोलावलं, माहीत आहे का? काय झालं? तू नेमके कोणते शब्द वापरलेस? त्याचा अर्थ तुझ्या मनात काय होता? त्याला ते ऐकून कसं वाटलं असेल? आता तू काय करणार आहेस? यातला ‘तुझ्या मनात अर्थ काय होता’ हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला. मी त्याला रागवताना हा प्रश्न कधीच विचारलेला नाही.

मग माझी पाळी. मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, हे वाक्य घरच्या भाषेतून आलंय का? त्या भाषेत म्हणून दाखवाल का? मी म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि कागद पुढे केला. मी देवनागरीत लिहिलं, खाली अर्थ लिहिला, आणि सांगितलं की आमच्याकडे आई कंटाळली की ‘माझा जीव घेऊ नकोस’ म्हणते, आणि एखादं गाणं फार आवडलं तर त्याला जीवघेणं म्हणतात. त्या हसल्या नाहीत. कागद फाइलला लावला. पाच-सात मिनिटांचं काम होतं, पण माझ्या लेखी सगळ्या प्रक्रियेचं मोल त्या पाच-सात मिनिटांत आहे. तेवढा वेळ दिला नसता तर माझ्या मुलाच्या नावापुढे खुनाची धमकी एवढंच राहिलं असतं.

त्यानंतर प्रश्न आला: घरात बंदूक आहे का? ज्या घरांत तो एकटा जातो, तिथे आहे का? माझ्या पायातलं बळ गेलं. आमच्याकडे नाही, पण ज्या मित्राकडे तो शनिवारी जातो त्याच्या घरी काय आहे हे मी कधी विचारलेलंच नव्हतं. त्या क्षणी प्रश्न अपमानासारखा लागला. आता वाटतं, हा प्रश्न वगळणारी टीम असेल तर तिच्या हाती मूल सोपवू नये.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलची गोष्ट ३० नोव्हेंबर २०२१ ची. सकाळी शिक्षिकेला एका मुलाच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र आणि मदत मागणारे शब्द दिसले. काउन्सेलरने आईवडिलांना बोलावलं. चार दिवसांपूर्वीच वडिलांनी पिस्तूल विकत घेतलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलाला घरी न्यायला ते तयार झाले नाहीत, दप्तर कुणी उघडलं नाही, मुलगा वर्गात परत गेला. थोड्याच वेळात त्याने चार विद्यार्थ्यांना गोळ्या घालून मारलं. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या सकाळी त्या खोलीत माणसं होती, चांगली माणसंच होती, पण बंदुकीबद्दल थेट विचारणं आणि दप्तर उघडणं राहून गेलं. मला विचारलं, माझ्या मुलाचं दप्तर माझ्यासमोर उघडलं, डबा, वही, मोडलेल्या पुलाच्या काड्या टेबलावर मांडल्या. मला रडू आलं, पण त्यांनी ते करायलाच हवं होतं.

घरी आल्यावर मी या पद्धतीविषयी वाचत बसले. आमच्या शाळेत जी वापरतात तिचं नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह स्कूल थ्रेट असेसमेंट गाइडलाइन्स, बोलताना सी-स्टॅग. ती व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्युई कॉर्नेल यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केली. १९९९ मध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये झालेल्या गोळीबारानंतर अमेरिकेतल्या शाळा घाबरल्या होत्या आणि ‘झीरो टॉलरन्स’ म्हणजे शब्द निघाला की बाहेर, असा खाक्या चालू होता. शेजारच्या मेरीलँडमध्ये २०१३ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाने पेस्ट्री कुरतडून बंदुकीचा आकार केला म्हणून त्याला दोन दिवस घरी बसवलं होतं. कॉर्नेल यांचं म्हणणं असं की धमकी देणं वेगळं आणि धोका असणं वेगळं. म्हणून आधी शब्द आणि प्रसंग तपासायचे. रागाच्या भरात निघालेली, समजावल्यावर आणि माफी मागितल्यावर विरून जाणारी धमकी तात्कालिक. तशी नसेल, मागे बेत असेल, हत्यार असेल, सोबती जमवले असतील, वेळ-जागा ठरली असेल, तर ती खरी धरायची: ज्याला धमकी दिली त्याला आणि त्याच्या पालकांना सावध करायचं, संरक्षण द्यायचं. आणि ती जीवघेणी असेल तर मानसशास्त्रज्ञाची सविस्तर तपासणी, पोलिसांची चौकशी आणि लेखी सुरक्षा आराखडा. २००१-०२ मध्ये ३५ शाळांत ही पद्धत वापरून पाहिली तेव्हा १८८ धमक्या तपासल्या गेल्या. सुमारे ७० टक्के तात्कालिक निघाल्या, आणि शाळेतून काढून टाकलं ते फक्त ३ मुलांना.

हे वाचताना मला आमची लॅब आठवली. रक्तदात्याच्या नमुन्याची पहिली चाचणी मुद्दाम फार संवेदनशील ठेवलेली असते, एकही खरा आजार निसटू नये म्हणून. त्यामुळे काही निरोगी माणसंही त्यात पॉझिटिव्ह येतात. ते रक्त आम्ही लगेच बाजूला काढतो, कुणालाही देत नाही. पण त्या माणसाला आजारी ठरवत नाही. पक्क्या चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबतो. आजार जितका दुर्मीळ, तितकं पहिल्या चाचणीतल्या पॉझिटिव्हमध्ये खोट्यांचं प्रमाण जास्त. शाळेतला गोळीबार सुदैवाने अजूनही दुर्मीळ आहे, म्हणून ‘एकटा राहतो, काळे कपडे घालतो, हिंसक गेम खेळतो’ अशी यादी घेऊन मुलं शोधायला निघालं तर हजारो निरपराध पोरं सापडतील. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस ही सुरक्षा यंत्रणा आणि शिक्षण खातं यांनी मिळून केलेला शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये आला, त्यांनाही हल्लेखोरांचा एक ठरावीक साचा मिळाला नाही. मिळालं ते वेगळंच: दहातल्या आठ घटनांत किमान एका माणसाला आधीच काहीतरी माहीत होतं, आणि तो बहुतेक वेळा बरोबरीचा मुलगा किंवा मुलगी होता. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फेब्रुवारीत त्याचा अर्थ कळला, त्याबद्दल पुढे.

आमच्या बाबतीत निकाल त्याच संध्याकाळी लागला: तात्कालिक. मुलाने त्या मुलाची समोरासमोर माफी मागितली, काउन्सेलर मध्ये बसले होते. दुसऱ्या दिवशी तो वर्गात होता. पुढचे चार शुक्रवार काउन्सेलरकडे पंधरा-पंधरा मिनिटं जायचं ठरलं. निलंबन नाही. पूल दोघांनी पुन्हा बांधला.

दुसऱ्या मुलाबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या पोराचा निर्दोषपणा सिद्ध झाला की आपण सुटकेचा श्वास सोडून त्याला विसरतो. त्याला मराठी येत नाही. त्याने ऐकलं ते इंग्रजीतलं वाक्य, आणि ती रात्र त्याने जागून काढली, हे त्याच्या आईने मला सांगितलं. माझ्या मुलाच्या मनात काय होतं यामुळे त्याची ती रात्र परत येत नाही. शाळेने त्याच्या घरी त्याच दुपारी फोन केला, दोन दिवस वर्ग बदलताना कुणीतरी मोठं माणूस सोबत दिलं, आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस केली. हे उत्तम. मी स्वतः त्या बाईंना फोन करण्याआधी शाळेला विचारलं, शाळेने त्यांची परवानगी घेऊन नंबर दिला. आम्ही अर्धा तास बोललो. ‘जीव’ या शब्दाचा अर्थ मी त्यांना सांगितला, पण त्याआधी माफी मागितली.

आता तक्रारी. पहिली म्हणजे कागद. फाइलमध्ये काय लिहिलं, ती कुठे राहणार, हायस्कूलला जाणार का, हे विचारलेल्या माझ्या ईमेलला उत्तर यायला अकरा दिवस लागले, आणि आलं ते अर्धवट. दुसऱ्यांदा प्रत्यक्ष जाऊन मागितल्यावर प्रत मिळाली. त्यात माझा देवनागरी कागद जोडलेला होता, पण वरच्या सारांशात ‘सांस्कृतिक गैरसमज’ एवढंच. मी ते बदलून घेतलं: आजीचा वाक्प्रचार, त्याचा अर्थ, आणि समोरचा मुलगा खरोखर घाबरला होता हेही. अशी दुरुस्ती मागण्याचा हक्क पालकांना फर्पा या शाळेच्या नोंदींविषयीच्या १९७४ च्या कायद्याने आहे. मागा.

दुसरी, भाषा. मी इंग्रजीत काम करते, म्हणून निभावलं. दुभाषा हवा का, असं मला कुणी विचारलं नाही. माझ्या जागी माझी आई एकटी घरी असती तर? अशा बैठकीत मुलालाच आईचं बोलणं इंग्रजीत सांगायला लावू नये. शाळेला दुभाष्याची सोय फोनवरही करता येते, तुम्ही बैठकीआधी मागा आणि मिळेपर्यंत सही करू नका.

आईचं काय झालं तेही सांगते. तिला आम्ही सांगणार नव्हतो, पण तिच्यापुढे घरात काही लपत नाही. दोन दिवस ती नातवाशी फक्त जेवणापुरतं बोलली. ‘‘माझ्या जिभेमुळे पोराला पोलिसासमोर बसवलं,’’ एवढंच म्हणत राहिली. पोलिसासमोर बसवलं नव्हतं, हे मी तिला चार वेळा सांगितलं. काउन्सेलरने पुढच्या शुक्रवारी मुलाजवळ एक चिठ्ठी दिली, आजीने काही चूक केलेली नाही अशी. मी ती वाचून दाखवली. घडी करून तिने ती देव्हाऱ्यात ठेवली.

आता फेब्रुवारी. रात्री साडेदहाला मुलगा फोन घेऊन माझ्या खोलीत आला. स्नॅपचॅटवरचा एक स्क्रीनशॉट फिरत होता: शाळेचं नाव, एक तारीख, एक वाक्य. ‘‘आई, हे काउन्सेलरला पाठवायचंय. पाठवताना माझं नाव लिहिलं तर चालेल.’’ आम्ही शाळेच्या टिप लाइनवर, म्हणजे धोक्याची खबर कळवायच्या सोयीवर, पाठवलं आणि पोलिसांनाही कळवलं. ज्या खोलीत त्याचं ऐकून घेतलं गेलं होतं, तिथे परत जायची त्याला भीती वाटली नाही. ऑक्टोबरात त्याला दहा दिवस घरी बसवलं असतं, तर त्या रात्री तो माझ्या खोलीत आला असता का, हे मी स्वतःला खूपदा विचारते.

या दुसऱ्या प्रसंगी शाळेची कामगिरी मला आवडली नाही. पहाटे पाच अठ्ठेचाळीसला ईमेल: ‘सध्या विश्वासार्ह धोका आढळलेला नाही, शाळा नेहमीप्रमाणे सुरू राहील.’ कोणी तपासलं, कसं तपासलं, अजून तपास चालू आहे की संपला, काहीही नाही. माझ्या मुलाच्या वर्गात त्या दिवशी नऊच मुलं होती. संध्याकाळी आणखी एक ईमेल, शब्द तेच. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. मुलांची नावं सांगता येत नाहीत हे मला मान्य आहे, ऑक्टोबरात त्याच नियमाने माझ्या मुलाला झाकलं. पण नाव न घेता प्रक्रिया सांगता येते: टीम किती वाजता बसली, पोलीस त्या घरी गेले का, पुढचे काही दिवस शाळेत काय वेगळं असेल. ‘विश्वासार्ह’ हा शब्द एकट्याने पालकाला रात्रीची झोप देत नाही.

आणि व्हर्जिनियात तर हे जास्त नीट व्हायला हवं. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ जणांचा जीव गेला, त्यात तामिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. त्यानंतर कॉलेजांना अशा टीम बंधनकारक झाल्या, आणि सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर २०१३ मध्ये शाळांनाही. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तरीही जानेवारी २०२३ मध्ये याच राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये सहा वर्षांच्या मुलाने वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली, आणि मुलाजवळ बंदूक असू शकते असं त्या दिवशी शाळेतल्या माणसांनी वरिष्ठांना सांगितलेलं होतं. म्हणून मी आता दरवर्षी सप्टेंबरात शाळेला तीन गोष्टी विचारते: टीममध्ये कोण आहे, त्यांचं प्रशिक्षण शेवटचं कधी झालं, आणि रात्री टिप लाइन कोण वाचतं. यंदा पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच दिवशी मिळाली.

माझे गुण असे. मुलाशी आणि माझ्याशी बोलण्याची पद्धत, पाचपैकी पाच. घाबरलेल्या मुलाची काळजी, पाच. कागदपत्रं, दोन, तीही मागे लागल्यावर. भाषेची सोय, एक. बाकी पालकांना माहिती देणं, दोन. एवढे कमी गुण देऊनही, अशी टीम नसलेल्या आणि असलेल्या शाळेत निवड करायची वेळ आली तर मी घर बदलून असलेल्या शाळेकडे जाईन.

आई एप्रिलमध्ये सांगलीला परत गेली. परवा व्हिडिओ कॉलवर नातवाने दूध टेबलावर तसंच ठेवलेलं तिला दिसलं. ती नेहमीसारखं म्हणाली, ‘‘थांब, जीवच घेते तुझा.’’ त्याने पेला उचलला आणि तिला म्हणाला, ‘‘आजी, हे फक्त मराठीत म्हणायचं हं.’’